दोन नंबरची तिसरी कॉइल

पार्श्वभूमी

आमच्या गॅरेजमध्ये आलेली ही गाडी सात वर्षांची. पेट्रोल, चार सिलिंडर, टर्बो नाही. मीटरवर ८४,००० किलोमीटर. मालक निवृत्त गृहस्थ, गाडी सावकाश चालवणारे, सर्व्हिस न चुकवणारे आणि प्रत्येक बिल फाइलला लावणारे. आम्ही त्यांना काका म्हणतो. गाडी त्यांनी ५२,००० किलोमीटरवर दुसऱ्याकडून घेतली होती. त्यानंतरचा कागदन्‌कागद फाइलमध्ये होता, त्याआधीचा एकही नव्हता. या दोन्ही गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या.

इग्निशनची, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीची, रचना आजकाल सर्रास असते तीच. डिस्ट्रिब्युटर (एकाच कॉइलची वीज सगळ्या प्लगना वाटणारा जुना भाग) नाही, प्लगच्या लांब वायरी नाहीत. प्रत्येक प्लगच्या डोक्यावर, ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी, स्वतंत्र कॉइल. कॉइलच्या खालच्या टोकाला रबरी बूट, बुटाच्या आत स्प्रिंग. हा बूट टॅपेट कव्हरमधल्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातल्या) खोल विहिरीत उतरतो आणि प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर घट्ट बसतो. क्रँक (पिस्टन फिरवतात तो दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या सेन्सरवरून ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, पिस्टन कुठे आहे ते कळतं. त्या हिशेबाने तो दोन-चार मिलिसेकंद कॉइलमध्ये करंट भरतो आणि एका क्षणी तोडतो. बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात ते या तोडण्यातून. चार्ल्स केटरिंगच्या ज्या इग्निशनने १९१० ची कॅडिलॅक चालायची, तिथेही तत्त्व हेच होतं. फक्त करंट तोडायचं काम धातूचे पॉइंट करत. आता ते ट्रान्झिस्टर करतो.

पॉइंट घासायचे, त्यांची गॅप लावायची, डिस्ट्रिब्युटर फिरवून टायमिंग जमवायचं, हे सगळं गेलं. हाताने फिरवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून या इग्निशनला मेंटेनन्सच नसतो असा समज पसरला. काकांचाही तोच होता. खरं सांगायचं तर बऱ्याच गॅरेजवाल्यांचाही आहे.

तक्रार

चौथा गियर, चढ, वेग चाळीस-पंचेचाळीस. अशा वेळी पाय दाबला की गाडी तीन-चार झटके देते. गियर खाली टाकला, रेस वाढली, की झटके बंद. उभ्या गाडीत इंजिन अगदी शांत, बॉनेटवर हात ठेवला तरी कळू नये असं. झटक्यांच्या वेळी चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो, नंतर स्थिर पेटून राहतो.

या लुकलुकण्याकडे काकांनी जवळजवळ दोन आठवडे दुर्लक्ष केलं होतं. स्थिर दिवा म्हणजे 'लवकर दाखवून घ्या'. लुकलुकणारा दिवा म्हणजे 'पाय सोडा, आत्ता'. ईसीयू क्रँकच्या दर २०० फेऱ्यांमागे मिसफायर, म्हणजे सिलिंडर न पेटल्याच्या वेळा, मोजत असतो. त्यांचं प्रमाण धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला धोक्याचं झालं की दिवा लुकलुकतो. न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेली हवा धुराच्या वाटेने कन्व्हर्टरमध्ये पोचतात आणि तिथे जळतात. आतलं सिरॅमिकचं जाळं त्या उष्णतेने वितळू शकतं. काकांचा कन्व्हर्टर वाचला. त्यात त्यांच्या हळू चालवण्याचा वाटा मोठा.

आमच्याकडे येण्याआधी

फाइलमधली शेवटची दोन बिलं एका दुसऱ्या गॅरेजची होती. पहिल्या वेळी स्कॅनरवर पी ०३०२ आला, म्हणजे दोन नंबरच्या सिलिंडरचा मिसफायर. त्यांनी दोन नंबरची कॉइल बदलली. झटके गेले. तीन आठवड्यांनी परत आले, कोड तोच. या वेळी त्यांनी लाइव्ह डेटा पाहिला. फ्युएल ट्रिम अधिक बाजूला गेलेलं दिसलं, म्हणजे ईसीयू जादा पेट्रोल देत होता. त्यावरून मिश्रण पातळ पडतंय असा निष्कर्ष काढून त्यांनी पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केले आणि 'आधीची कॉइल खराब निघाली असेल' म्हणून आणखी एक कॉइल टाकली. गाडी पाच आठवडे ठीक चालली.

म्हणजे आमच्याकडे गाडी आली तेव्हा दोन नंबरवर तिसरी कॉइल होती.

त्या गॅरेजची बाजू घेऊन एक सांगायला हवं. दोन्ही वेळा कॉइल बदलल्यावर गाडी खरंच सुधारली होती. उपाय लागू पडला की निदान बरोबरच होतं असं वाटणं साहजिक आहे, आणि मीही थोड्या वेळाने त्याच खड्ड्यात पाय टाकला. फ्युएल ट्रिमची चूक मात्र वेगळ्या जातीची. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता बाहेर जातो. ऑक्सिजन सेन्सरला पेट्रोल मोजता येत नाही, तो ऑक्सिजन पाहतो आणि 'पेट्रोल कमी पडतंय' असं कळवतो. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. म्हणजे वाढलेलं ट्रिम हा मिसफायरचा परिणाम होता आणि तो कारण म्हणून वाचला गेला.

आमची तपासणी

स्कॅनर लावला. पी ०३०२ होताच. त्याच्याबरोबर ईसीयूने साठवलेलं त्या क्षणाचं चित्र होतं: १,७२० आरपीएम, लोड ८४ टक्के, पाण्याचं तापमान ८८ अंश, वेग ४६. काकांची तक्रार आकड्यांत उतरली होती. दुसरी नोंद घेण्यासारखी गोष्ट म्हणजे जो कोड आला नव्हता तो. पी ०३५२ हा दोन नंबरच्या कॉइलच्या विजेच्या सर्किटचा कोड. या गाडीच्या कॉइलला चार तारा आहेत, त्यातल्या एकीवरून कॉइल ईसीयूला 'काम झालं' असा निरोप परत पाठवते. तो निरोप थांबला असता तर पी ०३५२ आला असता. आला नव्हता. म्हणजे सप्लाय, अर्थिंग, ट्रिगर आणि आतला ट्रान्झिस्टर या बाजूला शंका कमी. बिघाड पुढे, हाय व्होल्टेजच्या बाजूला किंवा इग्निशनच्या बाहेरच.

पी ०३०२ म्हणजे कॉइल, असं समीकरण आमच्या धंद्यात पक्कं बसलंय. वस्तुतः ईसीयूला ठिणगी दिसत नाही. त्याला दिसतो क्रँकचा वेग. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित वेग घेतो. ज्या सिलिंडरच्या पाळीला तो वेग मिळाला नाही, त्याच्या नावावर एक मिसफायर जमा. ठिणगी पडली नसेल, पेट्रोल आलं नसेल, व्हॉल्व्ह बसत नसेल, कॉम्प्रेशन उतरलं असेल. कोड तोच येणार. कोडने कोणी काम केलं नाही ते सांगितलं. का केलं नाही, ते आपण शोधायचं.

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता. आधी प्लग काढून पाहायचे, की कॉइलची अदलाबदल करायची?

मी अदलाबदल निवडली. दहा मिनिटांचं काम, हत्यार फारसं लागत नाही, आणि उत्तर सहसा स्वच्छ मिळतं. दोन नंबरची कॉइल तीनवर, तीनची दोनवर. कोड कॉइलबरोबर तीनवर गेला तर दोष कॉइलचा. दोनवरच राहिला तर दोष प्लग, इंजेक्टर किंवा इंजिनचा. दोन नंबरची कॉइल उपसली तेव्हा बुटाचं टोक तेलकट लागलं. मी ते फडक्याने पुसलं आणि कॉइल तीनवर बसवून टाकली. या पुसण्याबद्दल पुढे बोलतो.

चढाचा रस्ता गाठून चौथ्या गियरमध्ये वीस मिनिटं गाडी फिरवली. परत येऊन पाहतो तर पी ०३०२ पण आणि पी ०३०३ पण, वर पी ०३००, म्हणजे अनेक सिलिंडरचा मिसफायर. अदलाबदलीच्या नियमात हे उत्तर बसत नव्हतं. आमच्या गॅरेजमधला नवा मुलगा म्हणाला, "दादा, मग दोन्ही कॉइल गेल्या का?" कालपर्यंत तीन नंबर ठणठणीत होता. अचानक दोन्ही कशा जातील?

उत्तर एकच उरत होतं. कॉइलमध्ये काहीतरी दोष होता, जो तिच्याबरोबर तीनवर गेला. आणि दोन नंबरच्या विहिरीतही काहीतरी होतं, जे जागेवरच राहिलं. आता मात्र प्लग काढणं भाग होतं.

विहिरीत काय सापडलं

टॉर्च मारली तर दोन नंबरच्या विहिरीच्या तळाशी तेल चमकत होतं. प्लगचा षटकोन अर्धा बुडालेला. चार नंबरमध्ये ओल होती, एक आणि तीन कोरडे.

टॅपेट कव्हरच्या गॅस्केटबरोबर प्रत्येक विहिरीभोवती एक गोल सील असतं. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होतं आणि कॅमच्या बाजूचं तेल विहिरीत झिरपायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही, जमिनीवर थेंब पडत नाही, डिपस्टिकवर फरक कळत नाही. बुटाच्या रबराला मात्र तेल मानवत नाही. ते फुगतं, मऊ पडतं आणि सिरॅमिकवरची पकड सोडतं.

तेल सिरिंज आणि बारीक नळीने ओढून घेतलं. हे आधी करावंच लागतं, नाहीतर प्लग सुटताक्षणी ते सगळं खाली सिलिंडरमध्ये, तळाशी साचलेल्या कचऱ्यासकट. मग चारही प्लग काढून ओळीने मांडले.

दोन नंबरच्या प्लगच्या सिरॅमिकवर वरून खाली एक काळी बारीक रेघ होती, पेन्सिलने ओढल्यासारखी. पुसून जात नव्हती. कॉइलचा बूट उलटा करून आत पाहिलं तर समोरासमोर तशीच रेघ. हा कार्बन ट्रॅक. ठिणगीला दोन वाटा असतात. एक प्लगच्या टोकाशी, दाबलेल्या मिश्रणातून. दुसरी बाहेरून, सिरॅमिकच्या अंगावरून घसरत प्लगच्या लोखंडी अंगापर्यंत. बूट घट्ट आणि कोरडा असेल तर दुसरी वाट बंद असते. पकड सुटली की ती किलकिली होते, एकदा वीज तिथून गेली की मागे कार्बन राहतो, आणि कार्बनमुळे पुढच्या वेळी तीच वाट सोपी होते.

उभ्या गाडीत इंजिन शांत आणि चढावर झटके, याचं उत्तरही यातच आहे. उभ्या गाडीत थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळपास बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा कमी, दाब कमी, त्यामुळे ठिणगीला प्लगच्या टोकाच्या गॅपमधून उडी मारायला व्होल्टेज कमी पुरतं. चढावर पाय दाबला की सिलिंडर हवेने भरतो, दाब वाढतो, आतली उडी अवघड होते आणि वीज बाहेरची सोपी वाट धरते. म्हणूनच गाडी उभी करून, रेस देऊन घेतलेली चाचणी अशा बिघाडात काहीच सांगत नाही.

एक नंबरच्या प्लगवर लोखंडी अंगाला लागून तपकिरी कडं होतं. मुलाने ते दाखवून विचारलं, "हापण गेला ना?" नाही. हाय व्होल्टेजच्या क्षेत्रात हवेतले तेलाचे सूक्ष्म कण ओढले जाऊन तिथे चिकटतात, त्याचा हा डाग. त्याने काही बिघडत नाही. आडवं तपकिरी कडं आणि उभी काळी रेघ यांतला फरक डोळ्यात बसवून घ्यावा. त्यापायी बरेच चांगले प्लग फेकले जातात आणि काही वाईट परत बसवले जातात.

मग प्लगवरचा नंबर वाचला, आणि दुसरा धक्का बसला. पुस्तिकेत या इंजिनाला इरिडियम प्लग सांगितले आहेत, बदलायची मुदत १,००,००० किलोमीटर. काका त्याच भरवशावर होते, "अजून सोळा हजार बाकी आहेत" म्हणत. काढलेले प्लग साधे निकेलचे होते. हीट रेंज (प्लग किती उष्णता बाहेर टाकतो ते) बरोबर, आट्यांची लांबी बरोबर, त्यामुळे बसले होते, चालले होते. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी ते टाकले असणार. काकांच्या फाइलमध्ये प्लग बदलल्याचं एकही बिल नाही, म्हणजे ते किमान ३२,००० किलोमीटर जुने. क्रँकच्या किलोमीटरला ढोबळ २,००० फेऱ्या धरल्या तर, दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी या हिशेबाने, एका प्लगला १,००० ठिणग्या होतात. ३२,००० किलोमीटरला तीन कोटी वीस लाख. निकेलच्या टोकाला हे झेपत नाही. गॅप १.१ मि.मी. हवी होती, चारही प्लगवर ती १.३ च्या पुढे, दोन नंबरवर १.४. एवढ्या रुंद गॅपला व्होल्टेज जास्त लागतं. व्होल्टेज जितकं जास्त, तितकी विजेची बाहेरची वाट शोधायची ओढ जास्त.

म्हणजे दोन गोष्टी एकमेकींना हातभार लावत होत्या. प्लग झिजून आतली वाट अवघड करत होते, तेल बूट बिघडवून बाहेरची सोपी करत होतं. नवी कॉइल आली की तिचा कोरा, घट्ट बूट काही आठवडे बाहेरची वाट अडवून धरायचा. मग तेल आणि प्लगवरची जुनी रेघ मिळून त्यालाही खायची. तीन आठवडे, पाच आठवडे, त्यानंतर पुन्हा पहिल्यासारखं.

तीन नंबरच्या कॉइलचा बूट पाहिला. वीस मिनिटं ती दोन नंबरच्या रेघवाल्या प्लगवर बसली होती, चढावर. आत केसासारखी फिकट रेघ उमटायला सुरुवात झाली होती. ही रेघ माझी.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात स्वस्त पर्याय होता दोन नंबरची कॉइल बदलून गाडी देणं. तिसऱ्यांदा. महिनाभर काका खूश राहिले असते.

दुसऱ्या टोकाला सगळं नवं: चार कॉइल, चार प्लग, गॅस्केट, जमल्यास इंजेक्टरसुद्धा. कोणीही दोष काढणार नाही असं काम. पण एक आणि चार नंबरच्या कॉइल मूळच्या होत्या, त्यांच्या नावावर एकही मिसफायर नव्हता. प्लग हा झिजणारा भाग आहे, चारही सारखेच झिजतात, म्हणून ते चारही एकदम बदलायचे. कॉइलचं तसं नाही. तिला जागेवर त्रास होत नसेल तर ती चालत राहते. वय झालं म्हणून चारही काढून टाका, असं म्हणणारे जाणते मेकॅनिक आहेत, आणि जिथे पुढच्या कॉइल काढायला वरचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा भाग) उतरवावा लागतो त्या इंजिनांवर मी त्यांच्याशी सहमत होईन. इथे चारही कॉइल उघड्यावर होत्या.

तिसरा मार्ग मधला. एक कॉइल, तीन नंबरला फक्त नवा बूट, चार इरिडियम प्लग, विहिरींच्या सीलसकट टॅपेट कव्हर गॅस्केट. प्लग बाहेर आहेतच तर कॉम्प्रेशन मोजायचं, म्हणजे इंजिनाबद्दलची शंका उरणार नाही. चारही सिलिंडर १२ ते १२.५ बारमध्ये निघाले.

काकांना सगळे प्लग ओळीने दाखवले, रेघ दाखवली. त्यांनी एकच विचारलं, "गॅस्केट आत्ताच करायला हवं का? उद्या सकाळी मला गाडी लागणार आहे." गॅस्केट पुढे ढकलायचा मोह मलाही झाला, नाही म्हणत नाही. प्लग आणि कॉइल तासाभरात होतात, कव्हर उघडलं की संध्याकाळ जाते. पण तेल झिरपत राहिलं तर नवा बूट पुन्हा त्याच वाटेने जाणार, हे समोर दिसत होतं. त्या दिवशी घेतलेल्या निर्णयांपैकी हा बरोबर होता.

प्रत्यक्ष काम

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं. हेड ॲल्युमिनियमचं, गरम असताना प्लग फिरवले तर आटे प्लगबरोबर बाहेर येऊ शकतात. कॉइलच्या कनेक्टरचं प्लास्टिकचं लॉक सात वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं. ते आधी आत दाबून सैल करायचं आणि मग ओढायचं. घाईत मोडलं तर कनेक्टर वर्षभराने हलायला लागतो आणि एक नवाच मिसफायर जन्माला येतो.

कव्हर उतरवलं. जुनं सील बोटाने वाकवलं तर तडकलं. बसायची जागा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून साफ केली, लोखंडी स्क्रॅपर तिथे नको. पुस्तिकेत जिथे सांगितलंय तिथेच, कॅमच्या कोपऱ्यांवर, सीलंटचा छोटा थेंब. बोल्ट मधून बाहेर या क्रमाने, थोडे थोडे करत. हे बोल्ट फार कमी ताकदीचे असतात. हाताच्या सवयीने आवळले तर कव्हर वाकतं आणि नवं गॅस्केट पहिल्या दिवसापासून गळतं.

मुलाने इथे विचारलं होतं, "ब्रीदरचा व्हॉल्व्ह काढून बघू का?" क्रँककेसमधला (क्रँकभोवतीच्या खालच्या भागातला) वायू इनटेककडे नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह, कव्हरवरच असतो, दोन मिनिटांचं काम. साडेसात वाजले होते. मी म्हणालो, "राहू दे, नंतर."

प्लग बसवताना नव्यांची गॅप तपासली, पण गोल तारेच्या गेजने. नाण्यासारखं उताराचं गेज इरिडियमला लावू नये. त्याचं मधलं टोक जेमतेम ०.६ मि.मी. जाड असतं, तरफेसारखा जोर आला की मोडतं. याच बारीकपणामुळे ठिणगीला व्होल्टेज कमी लागतं, आणि इरिडियम २,४४६ अंश सेल्सियसला वितळतं म्हणून एवढं बारीक टोक टिकतं. निकेल १,४५५ लाच वितळतं. आटे हाताने, सॉकेटला नुसतं एक्सटेन्शन लावून, पूर्ण बसेपर्यंत फिरवले. मग टॉर्क पाना (ठरलेल्या जोराने आवळायचा), २५ न्यूटन-मीटर. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ लावलं नाही. नव्या प्लगवर प्लेटिंग असतंच, त्यावर ग्रीस लावलं की आटे घसरतात आणि पान्यावर तेवढाच आकडा दिसत असताना प्लग जास्त आवळला जातो. बुटाच्या तोंडाला आतून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात. स्प्रिंगवर नाही.

निकाल

कोड पुसून तोच चढ, तोच चौथा गियर, तेच सतराशे आरपीएम. लाइव्ह डेटामध्ये चारही सिलिंडरचे मिसफायर शून्य. आधी अधिक अकरा-बारा टक्क्यांवर फिरणारं फ्युएल ट्रिम दोन-तीनच्या आत आलं, इंजेक्टरला हात न लावता. कन्व्हर्टरच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर संथ रेघ दाखवत होता, म्हणजे कन्व्हर्टर अजून काम करत होता. काका सकाळी गाडी घेऊन गेले.

जाताना त्यांना ३,००० किलोमीटरला परत या असं सांगितलं होतं, आणि ते नेमके आले. दिवा नाही, झटके नाहीत. कॉइल उपसून टॉर्च मारली. दोन नंबरच्या तळाशी तेलाचा पातळ थर.

आता पीसीव्ही व्हॉल्व्ह काढला. हातात घेऊन हलवला की आतला भाग खुळखुळायला हवा. हा मुका होता, काळ्या चिकट गाळाने पूर्ण जाम. व्हॉल्व्ह जाम झाला की क्रँककेसमधला दाब साचतो आणि जिथे सील नरम सापडेल तिथून तेल बाहेर ढकलतो. व्हॉल्व्ह बदलला, विहिरी पुन्हा कोरड्या केल्या. पुढच्या ६,००० किलोमीटरनंतर पाहिलं तेव्हा चारही कोरड्या होत्या. तो थर व्हॉल्व्हमुळे आला होता की पहिल्या सफाईत खाचेत राहिलेलं तेल हळूहळू खाली उतरलं होतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या की असंच होतं.

आज तीच गाडी आली तर

अदलाबदलीची चाचणी मी सोडणार नाही, पण तिचा क्रम बदलेन. आधी कॉइल उपसून बूट आतून-बाहेरून पाहायचा, विहिरीत टॉर्च मारायची, प्लग काढून सिरॅमिक तपासायचं. रेघ दिसली तर अदलाबदल नकोच. चांगली कॉइल रेघवाल्या प्लगवर ठेवणं म्हणजे तिलाही तोच रोग लावणं. तीन नंबरचा बूट मी असाच घालवला आणि त्याची किंमत काकांच्या बिलात लावली नाही.

ते फडकं. तेलकट बूट हातात होता, बिघाडाचं अर्धं उत्तर बोटांना लागलं होतं, आणि मी ते पुसून टाकलं कारण डोक्यात कॉइलची चाचणी चालू होती. आता आमच्याकडे एक साधा नियम आहे: कॉइल काढली की पुसायच्या आधी बुटाचा फोटो. मुलं कुरकुरतात, पण काढतात.

अदलाबदलीच्या चाचणीचीही मर्यादा लक्षात ठेवावी. कोड कॉइलबरोबर हलला तर ती कॉइल निकामी आहे एवढं कळतं. ती कशाने निकामी झाली, हे चाचणी विचारतच नाही. आधीच्या गॅरेजने ती केली असती तरी कोड हललाच असता, आणि त्यांनी तिसरीनंतर चौथी कॉइल तितक्याच खात्रीने टाकली असती.

सेकंड हँड गाडीत पुस्तिकेतली प्लगची मुदत धरू नये. ती पुस्तिकेने सांगितलेल्या प्लगची मुदत आहे, गाडीत प्रत्यक्ष काय बसलंय त्याची नाही. गाडी घेतल्यावर पहिल्या सर्व्हिसला एक प्लग काढून नंबर वाचला असता तर काकांचं बरंच काही वाचलं असतं. ती सर्व्हिस आमच्याकडे झाली नव्हती, पण झाली असती तरी तेव्हा मी तो काढला असता का, याची मला खात्री नाही.

आणि ब्रीदर. दोन मिनिटं.

पहिली कॉइल

शेवटच्या खेपेला काकांनी एक खोका आणला. आधीच्या गॅरेजने काढलेली मूळ कॉइल त्यांनी मागून घेऊन जपून ठेवली होती. बूट फुगलेला, आत काळी रेघ, अपेक्षेप्रमाणे. या कॉइलचा बूट वेगळा निघतो. तो काढून नवा चढवला आणि कॉइल स्पार्क टेस्टरला लावली. टेस्टरची गॅप वाढवत नेली, ठिणगी शेवटपर्यंत निळी आणि सलग पडत राहिली. मग ती दोन नंबरवर बसवून चढावर नेली, चौथ्या गियरमध्ये. मिसफायर शून्य.

आम्ही टाकलेली नवी कॉइल काढून काकांनी त्याच खोक्यात ठेवली, वर तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि खोका डिकीत टाकला. मूळची कॉइल अजून दोन नंबरवर चालू आहे.